तीमारदाराची तीमारदारी

आमच्या शिरोळ तालुक्यात आजार जरा मोठा निघाला की माणसाला नदीपलीकडे न्यायचे, ही जुनी रीत. कृष्णेच्या पलीकडे मिरज. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये तिथे मिशन हॉस्पिटल उभे केले आणि मिरज म्हटले की दवाखाना असे समीकरण होऊन बसले. कोकणातून, कर्नाटकातून माणसे तिथे येत राहिली. दवाखाने वाढले तशा परिचारिकाही वाढल्या. आमच्या भागातील अनेक घरांतून एखादी तरी मुलगी पांढरा गणवेश घालून एसटीने मिरजेला, सांगलीला नाहीतर कोल्हापूरला जाते. मुस्लिम मोहल्ल्यातून हे प्रमाण उशिरा सुरू झाले. रात्रपाळी, परक्या पुरुषांना हात लावणे, एकटीने प्रवास, या तिन्ही गोष्टींवर घराघरांत वाद झाले. तरी मुली गेल्या. आज त्यांच्या पगारावर भावांची शिक्षणे झालेली घरे आम्हाला ठाऊक आहेत.

परिचारिकांचे कौतुक करायला आपण कमी पडत नाही. १२ मे रोजी गुलाबाचे फूल देतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० हे परिचारिका आणि सुईणींचे वर्ष म्हणून जाहीर केले होते. त्याच वर्षी करोना आला आणि २२ मार्चला आपण सर्वांनी थाळ्या वाजवल्या. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील अरुणा शानबाग १९७३ मधील हल्ल्यानंतर अंथरुणाला खिळल्या, त्या १८ मे २०१५ रोजी वारेपर्यंत त्यांच्या सहकारी परिचारिकांनी त्यांना सांभाळले. बेचाळीस वर्षे! निवृत्त झालेल्या सिस्टरच्या जागी आलेल्या नव्या सिस्टरने अरुणाताईंना घास भरवला. या गोष्टीने सारा देश हेलावला. पण जी दुसऱ्याला घास भरवते तिचेच मन आजारी पडले तर काय, हा प्रश्न कोणी फारसा विचारत नाही. परिचारिका म्हणजे आजारापलीकडची कोणी, असे आपण धरून चाललो आहोत.

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो, म्हणून शब्दांच्या मुळाशी जाण्याची खोड लागली आहे. मराठीत परिचारिका, उर्दूत तीमारदार. नववी-दहावीच्या मुलांना आम्ही हा शब्द फोडून दाखवतो. 'दार' म्हणजे बाळगणारा. दुकानदार, जमीनदार यांतला. आणि 'तीमार'? फारसीत त्याचा एक अर्थ रुग्णाची सेवा, देखभाल. दुसरा अर्थ आहे दुःख, चिंता, गम. म्हणजे तीमारदार हा सेवा करणाराही झाला आणि दुःख बाळगणाराही झाला. ज्यांनी हा शब्द घडवला त्यांना हे काम आतून माहीत होते असे वाटते. दुसऱ्याचे दुखणे हाताळता हाताळता त्यातले थोडे आपल्या पदरात पडतेच.

आमच्या घरात अशी एक तीमारदार आहे. आमची थोरली बहीण. सगळे तिला आपा म्हणतात. इथेही तेवढेच नाव पुरे. हा लेख तिने वाचला आहे आणि 'छापायला हरकत नाही' असे म्हटले आहे.

आपाने जीएनएमचा कोर्स केला आणि एका खासगी रुग्णालयात नोकरी धरली. अकरा वर्षे ती तिथे होती. ऑगस्ट २०१९ चा महापूर आला तेव्हा कृष्णा आणि पंचगंगा यांच्या मधला आमचा तालुका पाण्याने वेढला गेला. कुरुंदवाड, नृसिंहवाडी, राजापूर, खिद्रापूर, एकेक गाव तुटत गेले. रस्ते बंद, त्यामुळे आपाला सोडवायला येणाऱ्या सिस्टर येऊ शकेनात. आपा अडकली ती रुग्णालयातच. दिवसपाळी आणि रात्रपाळी एकच झाली. तिचे सासरचे घर पाण्यात, मुले आमच्याकडे, आणि ती वॉर्डात. दिवसाकाठी दोन-तीन तास पाठ टेकायची, तीही खुर्चीत.

पाणी ओसरले, पण आपाची झोप परत आली नाही. तिला झोप नकोच होती. रात्री दोन वाजता ती वॉर्डातील औषधांची कपाटे उपसून पुन्हा लावी. बोलणे इतके भरभर की ऐकणाऱ्याला दम लागे. पूरग्रस्तांसाठी म्हणून उधारीवर चाळीस ब्लँकेटे आणली. पूरग्रस्त तर आम्हीच होतो! लोक म्हणत, किती हिंमतीची बाई आहे. मग दिवाळीच्या आसपास ती एकदम खाली बसली. केस विंचरणे, मुलांशी बोलणे, नळाला पाणी आले की उठणे, काहीच होईना. भिंतीकडे तोंड करून पडून राही.

घरात जे होते तेच झाले. अम्मी म्हणाली, "इसको कुच नै हुया, नजर लगी है." खालाने कुठूनसा तावीज आणला. शेजारणींनी 'असर' हा शब्द दारातच उच्चारला. आपाने स्वतः मात्र काहीही म्हटले नाही. तिला सारे कळत होते. प्रशिक्षणात तिने मनोरुग्णांच्या वॉर्डात काम केले होते, याच लक्षणांची नोंद कागदावर केली होती. आणि नेमके म्हणूनच ती डॉक्टरकडे जायला तयार नव्हती. कागदावर पुढे काय लिहिले जाते, हे तिला माहीत होते.

शेवटी भावजींनी तिला मानसोपचारतज्ज्ञाकडे नेले. बायपोलर डिसऑर्डर, म्हणजे उन्माद आणि नैराश्य यांचा आळीपाळीने येणारा आजार. लिथियम सुरू झाले. हजारो रुग्णांना हातावर गोळ्या ठेवून "माझ्यासमोर घ्या" म्हणणारी आपा स्वतःच्या गोळ्या मेथीदाण्याच्या डब्यात लपवून ठेवू लागली. कामावर ही गोष्ट कळली तेव्हा व्यवस्थापनाने तिला बोलावून घेतले. "पेशंटच्या नातेवाइकांना समजले तर आम्ही काय सांगायचे?" असा प्रश्न केला आणि राजीनामा लिहून घेतला. अकरा वर्षांच्या नोकरीत तिच्या हातून औषधाची चूक झाल्याची एकही नोंद नव्हती. पण तो मुद्दा कोणी काढला नाही.

आता आपा दुसऱ्या ठिकाणी काम करते. करोनाची दोन्ही वर्षे तिने काम केले, जुलै २०२१ च्या पुरातही केले. या काळात ती एकदाही त्या अवस्थेला गेली नाही. हे कसे जमले, ते सांगण्यासाठीच हा लेख. यात चमत्कार नाही. रोजची, कंटाळवाणी वाटावी अशी शिस्त आहे.

पहिली गोष्ट झोप. बायपोलर आजारात झोप मोडली की उन्मादाला वाट मिळते. आणि झोपेची गरज कमी वाटू लागणे हेच पुष्कळदा झटक्याचे पहिले लक्षण असते. पाळ्यांची नोकरी म्हणजे या आजाराचे उघडे दार. आपाने नवी नोकरी धरताना पगार थोडा कमी घेतला, पण सलग रात्रपाळ्या नकोत असे सांगितले. एका रात्रीची झोप गेली तर दुसऱ्या दिवशी ती लग्नाला जात नाही, मयतीला जात नाही, आधी झोपते. नातेवाइकांना राग येतो. येऊ द्यावा.

दुसरी गोष्ट औषध. लिथियम चांगले आहे पण मानी आहे. रक्तातले त्याचे प्रमाण ठराविक मर्यादेत राहावे लागते. कमी पडले तर उपयोग नाही, जास्त झाले तर विषबाधा: हात कापणे, उलट्या, चालताना तोल जाणे. म्हणून शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी रक्त द्यायचे. मूत्रपिंड आणि थायरॉइड यांचीही वेळोवेळी तपासणी करायची. शरीरातले पाणी कमी झाले की लिथियम चढते. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्यांनीही ते चढू शकते. दिवसभर उभे राहून कंबर दुखते म्हणून वॉर्डातल्या ट्रेमधली गोळी तोंडात टाकणे ही परिचारिकांची सर्रास सवय. आपाने ती पूर्ण बंद केली. तिचा नियम एकच आहे: स्वतःसाठी वॉर्डातून काहीही घ्यायचे नाही. झोपेची गोळी तर नाहीच. जी माणसे औषधांच्या कपाटाजवळ राहतात त्यांना स्वतःचे डॉक्टर होण्याचा मोह सर्वांत जास्त असतो.

नैराश्याच्या औषधांचेही असेच. ती पहिल्या दिवसापासून गुण देत नाहीत, काही आठवडे लागतात. आणि बरे वाटले म्हणून अचानक सोडली तर त्रास होतो. लग्न ठरलेल्या किंवा मूल हवे असलेल्या मुलीने तर डॉक्टरला हे आधी सांगायलाच हवे. व्हॅल्प्रोएटसारखे औषध पोटातल्या बाळाला अपाय करते. आपल्याकडे लग्नाच्या गोष्टीत आजार लपवला जातो, मग औषधही लपते, आणि शेवटी डॉक्टरपासूनही सारे लपते.

तिसरी गोष्ट रमजान. हा प्रश्न आपल्या वाचकांचा खास म्हणून सविस्तर लिहितो. उन्हाळ्यातला रोजा, सहरी ते इफ्तार पाणी नाही, वर वॉर्डातली धावपळ. लिथियम घेणाऱ्याला हे धोक्याचे ठरू शकते. सहरीसाठी झोप मोडते ते वेगळेच. शरीयतने आजाऱ्याला रोज्याची सूट दिली आहे, हे आपल्यापैकी कोणाला ठाऊक नाही? मधुमेही माणसाने रोजा सोडला तर आपण काही म्हणत नाही. पण आपाला तरावीहनंतर बायका विचारतात, "रोजा है ना?" आजार दिसत नाही, म्हणून सूटही पटत नाही. तिने डॉक्टरांना विचारले, मग आलिमांना विचारले, आणि फिदिया देऊन त्यांच्या सांगण्याप्रमाणे वागते. इफ्तारला मात्र सर्वांसोबत बसते. ज्यांच्या डॉक्टरांनी रोजा ठेवायला हरकत नाही म्हटले आहे त्यांनी जरूर ठेवावा. फक्त गोळ्यांच्या वेळा आधी विचारून बदलाव्यात, मनाने नाही.

चौथी गोष्ट वही. वॉर्डात रुग्णाचा ताप, नाडी, रक्तदाब लिहितात तशी आपा स्वतःची नोंद ठेवते. झोप किती तास, मन कसे, खर्च किती, बोलणे वाढले का. आणि एक माणूस ठरवून ठेवला आहे, म्हणजे भावजी. त्यांनी "आज जरा जास्त होतंय" म्हटले की वाद घालायचा नाही, डॉक्टरांना फोन लावायचा. झटका येतो तेव्हा आजारी माणसालाच तो दिसत नाही. म्हणून दुसऱ्याचे डोळे उसने घ्यावे लागतात.

पाचवी गोष्ट चार्ज देण्याची. पाळी संपताना एक सिस्टर दुसरीला वॉर्डाचा चार्ज देते: अमुक खाटेचे सलाईन, तमुक खाटेचे इंजेक्शन. आपा म्हणते, चार्ज दिला की तो खरेच द्यायचा. घरी येऊन ती आधी वुजू करते, कपडे बदलते आणि अर्धा तास कोणाशी बोलत नाही. दगावलेल्या रुग्णासाठी दुआ मागते, पण त्याला घरी घेऊन येत नाही.

या सगळ्याला आपल्या परंपरेत आधार नाही असे कोणी समजू नये. मस्जिद-ए-नबवीजवळ तंबू लावून जखमींची शुश्रूषा करणाऱ्या हजरत रुफैदा यांचे नाव आपण अभिमानाने घेतो. दमास्कसला ११५४ मध्ये सुलतान नूरुद्दीन यांनी आणि कैरोला १२८४ मध्ये सुलतान कलावून यांनी बीमारिस्तान उभारले. मनाच्या रुग्णांनाही बीमारिस्तानात जागा होती. त्याही आधी, ९३४ मध्ये वारलेले अबू जैद अल-बल्खी यांनी शरीर आणि मन या दोहोंच्या आरोग्यावर एकत्र ग्रंथ लिहिला. कारण माहीत असलेले दुःख वेगळे आणि कारण न सापडणारे, शरीरातूनच उठणारे दुःख वेगळे, असा भेद त्यांनी केला. त्यांचा एक सल्ला तर परिचारिकेला लगेच समजावा असा आहे. अचानक गरज पडेल म्हणून आपण घरात औषधे ठेवतो, तसे मन निरोगी असतानाच चांगले विचार साठवून ठेवावेत, म्हणजे वाईट दिवसांत ते कामी येतात. हजार वर्षांपूर्वीची ही प्रथमोपचार पेटी!

आणि दुसरीकडे एरवाडी. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे, दर्ग्याच्या परिसरातील एका खासगी आसऱ्याला आग लागली. साखळ्यांनी बांधलेले मनोरुग्ण पळू शकले नाहीत. २८ जण गेले. त्यांच्या घरच्यांनी त्यांना श्रद्धेनेच तिथे आणले होते. दुआने मनाला धीर येतो, हे आम्ही मानतो. आमच्या घरातही आपासाठी दुआ होते. पण साखळी ही दुआ नव्हे. गुजरातेत उनावा येथील मीरा दातार दर्ग्यात मुजावर आणि डॉक्टर यांनी मिळून 'दवा-दुआ' असा उपक्रम चालवला. रुग्णाने माथा टेकवावा आणि तिथेच डॉक्टरलाही भेटावे. हा मार्ग आपल्या भागातील दर्ग्यांनाही घेता येईल.

कायदाही आता पूर्वीसारखा राहिलेला नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा, तो २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याने रुग्णाला आपल्या आजाराची माहिती गुप्त राहण्याचा हक्क दिला. विमा कंपन्यांनी शरीराच्या आजाराप्रमाणेच मनाच्या आजारालाही विमा द्यावा असे सांगितले. आणि आपण शुद्धीवर, बरे असतानाच 'मला पुढे आजार बळावला तर असे उपचार करा, असे करू नका' हे लिहून ठेवण्याची आणि आपल्या वतीने बोलणारा प्रतिनिधी नेमण्याची सोय दिली. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये मानसिक आजाराचा समावेश आहे. १७ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केंद्रीय राखीव पोलीस दलातील एका अधिकाऱ्याच्या प्रकरणात मानसिक आजार असलेल्या कर्मचाऱ्याला संरक्षण दिले. सध्याचे काम झेपत नसेल तर दुसरे द्यावे, पण पगार आणि सेवाशर्ती कमी करू नयेत असे सांगितले. मात्र नोकरीतून काढता न येण्याचे कलम सरकारी आस्थापनांसाठी आहे. खासगी रुग्णालयांनी समान संधीचे धोरण करावे, एवढेच कायदा म्हणतो. आपासारख्या बहुतेक जणी खासगीत आहेत. तिथे अजून पाऊल पडायचे आहे.

कारण 'स्वतःची काळजी घ्या' हे वाक्य फार सोयीचे आहे. ते म्हटले की म्हणणाऱ्याची जबाबदारी संपते. भारतीय परिचर्या परिषदेचे प्रमाण साध्या वॉर्डात पाच रुग्णांमागे एक परिचारिका असे आहे. प्रत्यक्षात रात्री एकेक सिस्टर किती खाटा सांभाळते, ते कोणत्याही वॉर्डात जाऊन मोजावे. जिला पाणी प्यायला उसंत नाही तिने लिथियमसाठी पाणी केव्हा प्यायचे? परिचारिकेने वही ठेवावी हे खरे, पण मेट्रननेही पाळ्यांचा तक्ता लावताना ती वही ध्यानात घ्यावी. मधुमेही सिस्टरला जेवायला वेळेवर सोडतात ना? हे तसेच आहे.

परवा आमच्या एका जुन्या विद्यार्थिनीचे वडील भेटायला आले. साखर कारखान्यात कामाला आहेत. मुलगी बारावी झाली, तिला जीएनएमला जायचे आहे. दहावीच्या वर्षापासून तिला नैराश्याचा आजार आहे, उपचार चालू आहेत, सध्या ठीक आहे. ते खाली बघत म्हणाले, "जिसका खुद का दिल कमजोर, वो दूसरों को क्या संभालेगी? आप ही उसको समझाव."

आम्ही त्यांना चहा दिला आणि आपाची वही दाखवली. तिच्या परवानगीने. सहा वर्षांच्या तारखा, आकडे, झोपेचे तास. ते बराच वेळ पाने उलटत होते. मग त्यांना आम्ही जे सांगितले तेच इथे लिहितो. मुलीचे औषध थांबवू नका. प्रवेश घेण्याआधी तिच्या डॉक्टरांशी रात्रपाळीबद्दल बोला. वसतिगृहात तिची एक तरी मैत्रीण अशी असू द्या जिला सारे माहीत आहे. कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, तिथे जायला लाजू नका. रात्री-अपरात्री कोणी नसेल तर १४४१६ हा टेली मानसचा मोफत क्रमांक आहे. तो ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे आणि मराठीतही बोलता येते. आणि ती एखाद्या दिवशी 'मला आज जमत नाही' म्हणाली तर तिला आळशी म्हणू नका.

"और लोगां?" त्यांनी विचारले.

लोकांचे आम्ही काय सांगणार! पण त्यांच्याच घरातील कोणी उद्या आजारी पडेल तेव्हा उशाशी जी सिस्टर उभी असेल, तीही कदाचित सकाळी स्वतःची गोळी घेऊन आलेली असेल. तिने ती घेतलेली असावी, एवढेच आपण मागावे.

त्यांनी प्रवेशाच्या अर्जावर सही केली आहे. यादी अजून लागायची आहे.